भुंग्याची पक्की प्रत

४ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं. मला वाटलं, पुन्हा डस्टरांचं काहीतरी असेल. पण त्यांच्या हातात एका शिक्षण निधीचं जाड कागदाचं पत्रक होतं. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांतून दरवर्षी काही मुलं निवडायची, आणि ती मोठी झाली की त्यांच्या कॉलेजचा सगळा खर्च, राहण्या-जेवणासकट, निधीने उचलायचा. निवड आत्ता, कॉलेज नऊ वर्षांनी. मधल्या काळात वर्षातून एकदा विचारपूस, बाकी काही नाही.

"एका शाळेतून एकच नाव पाठवता येतं," हेडसर म्हणाले. "ते तुमच्या तुकडीतून जावं, बाई. तुमची मुलं कशी वळणाची असतात."

बरं वाटलं. ही वही कोण वाचतंय, इथे खोटं कशाला लिहू? एकतीस वर्षं चौथीला शिकवतेय. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. शेजारच्या ब तुकडीत ती नवी बाई आल्यापासून नुसता मासळीबाजार असतो.

निधीला तीनच गोष्टी हव्या आहेत. मुलाने लिहिलेलं एक पान, विषय 'मला काय जाणून घ्यायचं आहे'. वर्गशिक्षकाचं शिफारसपत्र. आणि पालकांची सही.

हेडसरांच्या कपाटावर अजून ते जुनं प्रशस्तिपत्र टांगलेलं आहे. साऱ्या शहराच्या निबंधस्पर्धेत पहिला क्रमांक, माझ्या वर्गातली मुलगी. वीस-बावीस वर्षं झाली असतील. चेहरा आठवत नाही, अक्षर आठवतं. कुठेतरी चांगल्या जागी असेल आता. या वेळीही तसंच काहीतरी करून दाखवायचं, असं ठरवून वर्गात परत आले.

५ सप्टेंबर

नाव ठरलं. भुंगा.

पोरांनीच ठेवलेलं नाव. ही मुलगी गणित करताना गुणगुणते आणि वह्या तपासत असले की कानाशी येऊन काहीबाही विचारत बसते. पाल भिंतीवरून पडत का नाही, खडू ओला केला की फळ्यावर आधी दिसत नाही आणि मग का दिसतो. मी दहादा जागेवर पाठवते, ती अकराव्यांदा येते.

बाप ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत. घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. हे नाही जमलं तर सोळाव्या वर्षी ही पोरगी आईशेजारी उभी राहून चादरींच्या घड्या घालत असणार, हे मला स्पष्ट दिसतंय. डोकं तल्लख आहे, वळण तेवढं नाही. ते काम माझं.

९ सप्टेंबर

भुंग्याने पान लिहून आणलं. डोक्याला हात लावला. जसंच्या तसं इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी कुठून सुरुवात केली ते नंतर मलाच कळेल.

"मला जाणून घ्यायचं आहे की रक्ताचा डाग गरम पाण्यात का जात नाही आई हॉस्पिटलच्या चादरी धुते तेलाचा डाग गरम पाण्यात जातो चहाचा थोडा जातो पण रक्ताची चादर चुकून गरम पाण्यात गेली तर डाग पक्का होतो. गार पाण्यात जातो. आई म्हणते असंच असतं पण असंच म्हणजे कसं. माझा गुडघा फुटला तेव्हा मी दोन रुमालांवर रक्त घेतलं एक गारमध्ये टाकला एक गरममध्ये. आईचं खरं होतं. मग मी अंडं बघितलं. अंडं पण गरम पाण्यात घट्ट होतं. रक्तात अंड्यासारखं काही असतं का"

स्वल्पविरामांशी वैर. शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. आणि विषय काय, तर रक्त, डाग आणि अंडी! निधीची मोठी माणसं हे वाचणार. गुडघ्याच्या रक्तावर प्रयोग करते म्हणजे घरी लक्ष द्यायला कुणी नाही, असंच त्यांना वाटेल. लाल पेन घेऊन बसले, पानावर निळं फार उरलं नाही.

१२ सप्टेंबर

तीन दिवस शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास थांबवतेय.

"रक्ताशी कुणाचा संबंध येतो?" मी विचारलं.

"चादरीचा."

"डॉक्टरांचा," मी सांगितलं. "तुला डॉक्टर व्हायला आवडेल की नाही?"

"माहीत नाही."

"आवडेल," मी म्हटलं. तिने मान हलवली.

तिथून पुढे काम सरळ झालं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. 'ज्ञान हा माणसाचा तिसरा डोळा आहे. मला वैद्यकशास्त्राचे रहस्य जाणून घ्यावयाचे आहे. दीनदुबळ्यांची सेवा करून माझ्या आईच्या कष्टांचे पांग फेडावयाचे आहेत.' चार वेळा पक्की प्रत करून घेतली. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा, हा माझ्या वर्गाचा नियमच; पहिल्या प्रतीत नऊ चुका, चौथीत एकही नाही. तिसऱ्या प्रतीपासून तिचं ते गुणगुणणंही थांबलं. मन लागलं की असं होतं.

घरी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. "छान आहे," ते म्हणाले. "खाली तुझी सही आली की झालं."

मी म्हटलं, माझी सही शिफारसपत्रावर असते, पानावर नसते. निवृत्त झाल्यापासून ह्यांचं कशात लक्षच नसतं.

१६ सप्टेंबर

भुंग्याची आई सहीसाठी आली. तिशीची असेल, हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले. बस म्हटलं तरी दाराशीच उभी. वर्गात कोंदट होतं, मी खिडकीशी झटापट करत होते. ती पुढे आली, खालच्या कोपऱ्यावर तळव्याने एक दणका दिला आणि खिडकी उघडली. लाँड्रीतल्या बायकांच्या मनगटात जोर असतो.

पान तिने उभ्यानेच वाचलं. खूप वेळ वाचत होती. मला वाटलं, वाचता येत नसेल नीट, म्हणून मीच वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाली.

"हे भुंग्याने लिहिलंय?"

"तिच्याच हाताने."

"हात तिचाच आहे," ती म्हणाली. मग, "बाई, तुम्ही अजून तीच लाल शाई वापरता." मुलीच्या वहीत बघितली असेल. "सही उद्या पाठवते."

कागद कोरा ठेवून गेली.

२२ सप्टेंबर

सही नाही. रोज भुंग्याला विचारते, रोज एकच उत्तर, "आई म्हणाली बघू." आपल्या लेकराचं कॉलेज दारात येऊन उभं आहे आणि ही बाई 'बघू' म्हणते! शिकलेली नसली की भीती वाटते, दुसरं काय. पोरगी हाताबाहेर जाईल असं वाटत असेल.

आज तिचा बाप ट्रकवरून आला होता, मुलीला न्यायला फाटकाशी उभा होता. मी कागद पुढे केला. "कॉलेज? फुकट? कुठे करू सही?" म्हणाला आणि फाटकाच्या खांबावर कागद टेकवून मोकळा झाला. एक ओळ वाचली नाही.

बाप आहे, त्याचा हक्क आहे. मी काही चोरी केली नाही. तरी हे दोनदा लिहावंसं का वाटतंय, कोण जाणे.

२३ सप्टेंबर

शिफारसपत्र लिहिलं. 'हुशार, आज्ञाधारक, नियमित. अक्षर सुवाच्य. वर्तणूक उत्तम.' दहा मिनिटांत झालं, शब्द पाठच आहेत.

शिक्षकखोलीत ब तुकडीच्या नव्या बाईने भुंग्याचं पान मागून घेतलं. वाचून म्हणाली, "कच्चं पान आहे का हो, बाई? तिने आधी काय लिहिलं होतं?"

"टाकून दिलं," मी म्हटलं. "कच्चं कुणी ठेवतं का?"

ती ठेवते. तिच्या वर्गाच्या भिंतीवर पोरांचे फाटके कागद चुकांसकट चिकटवलेले असतात. अर्ज दुपारी रवाना केला.

१४ ऑक्टोबर

आलं! भुंगा पहिल्या फेरीतून पुढे गेली. अठ्ठावीस तारखेला निधीकडून एक बाई शाळेत येणार आणि तिच्याशी बोलणार. हेडसरांनी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला. मी वीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं काढली आहेत. उद्यापासून पाठांतर.

२१ ऑक्टोबर

अठरा उत्तरं घडाघडा येतात. आठवडाभरात भुंग्याने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. वह्या कशा झपाझप तपासून होतात आता.

२८ ऑक्टोबर

काय लिहू?

निधीच्या बाई वयस्क होत्या, आवाज मऊ. मला कोपऱ्यात बसायला सांगितलं, मधे बोलायचं नाही या अटीवर. भुंग्याने पहिली चार उत्तरं बिनचूक दिली. मी तिच्याबरोबर ओठ हलवत होते. मग त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"हे सगळं राहू दे," त्या म्हणाल्या. "मला सांग, आजकाल तुला कशाचं नवल वाटतं? काहीही."

हा प्रश्न वीसमध्ये नव्हता.

भुंग्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोल, बोल ना. ती नुसती बघत राहिली. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत होती.

"माझं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "बाईंना विचारा."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. वहीत दोन ओळी लिहिल्या, भुंग्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. मला भुंग्याचा राग आला होता. तोही लिहून ठेवते.

२९ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर भुंग्याची आई आली. मी ऐकवायच्याच बेतात होते. "तुमची मुलगी ऐन वेळी तोंडच उघडेना," मी म्हटलं. "एवढी मेहनत घेतली आणि मातीत गेली."

"मीही नव्हतं उघडलं, बाई."

मला कळेना.

"हेडसरांच्या खोलीत, कपाटावर," ती म्हणाली. "ते नाव माझंच आहे. लग्नाआधीचं."

मी खुर्चीत बसले. ती दाराशीच होती. तिथूनच सांगत गेली, खालच्या आवाजात, मान खाली घालून. त्या मान खाली घालण्यावरून मी तिला ओळखलं. इतक्या उशिरा.

"बक्षीस द्यायच्या आधी तिथल्या एका मॅडमनी मला स्टेजवर विचारलं, 'तुझ्या निबंधात क्षितिज हा शब्द फार छान आलाय, क्षितिज म्हणजे काय गं?' मला माहीत नव्हतं. तुम्ही घातलेला शब्द होता तो. हॉल भरलेला. त्या हसल्या, प्रेमानेच हसल्या. बक्षीस दिलं. ते मी घरी नेलंच नाही."

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"काय सांगायचं? तुम्ही तर माझ्या चांगल्यासाठीच केलं होतं. मला वाटलं, आपण लिहितो ते बक्षिसाच्या लायकीचं नसतं, म्हणून बाईंना लिहावं लागतं. मग पेपरात 'तुमच्या शब्दांत लिहा' आलं की माझा हातच चालायचा नाही. दहावीला त्यातच नापास झाले." तिने पदराने तोंड पुसलं. "भुंगा घरी रुमाल भिजवत बसायची ना, तेव्हा मी मुद्दाम काही बोलायचे नाही. म्हटलं करू दे. आता महिना झाला, बादलीकडे बघत नाही. विचारलं तर म्हणते, ते चुकीचं असतं."

"सही का नाही केलीस, ते तरी सांगायचंस."

"तुमच्यापुढे अजून तोंड उघडत नाही, बाई. आज पोरीसाठी आले."

मला लाज वाटली. याला दुसरा शब्द नाही. ती गेल्यावर मी वर्गातच बसून राहिले, शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत.

३१ ऑक्टोबर

दोन दिवस हाच विचार. गप्प बसले तर काय होईल? निधीच्या बाई लिहितील, 'मुलगी घोकंपट्टीची'. नाव गळेल. कुणाला काही कळणार नाही, आणि भुंगा जन्मभर समजेल की तिच्यातच काही नव्हतं. सांगितलं तर पत्रकातला नववा नियम आहे: मुलाच्या पानात शिक्षकाचा हात आढळला तर त्या शिक्षकाची शिफारस तीन वर्षं घेतली जाणार नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत.

आणि वह्यांचे गठ्ठे आठवतात. एकतीस वर्षांत अशा किती पक्क्या प्रती करून घेतल्या? तीसचाळीस? जास्तच. त्यातल्या एकीने तरी येऊन सांगितलं.

भीती वाटते. नाचक्कीची वाटते, उगाच दुसरं नाव कशाला देऊ.

२ नोव्हेंबर

हेडसरांना सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई! तुमचं नाव जाईल, शाळेचं जाईल. आणि मदत कोण करत नाही? सगळेच करतात."

"मूठ माझी आहे, हेडसर," मी म्हटलं, "पण आत ती पोरगी आहे."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शाळेचा शिक्का मी देणार नाही. तुमच्या नावाने पाठवा." तेही त्यांच्या जागी बरोबरच आहेत.

पत्र लिहायला चार दिवस लागतील असं वाटलं होतं, एका बैठकीत झालं. 'ते पान माझे आहे. हात तिचा होता, वाक्ये माझी. तिच्या आईने सही नाकारली, म्हणून मी वडिलांकडून घेतली. मुलाखतीत तिला काही सुचले नाही असे नाही, तिला माझी परवानगी दिसली नाही.' आणि खाली या वहीतून तिचं मूळ पान उतरवलं, रक्त, रुमाल, अंडं, सगळं. बोटं स्वल्पविराम द्यायला शिवशिवत होती. दिला नाही.

ह्यांना वाचून दाखवलं. चष्मा काढून पुसत बसले. "सप्टेंबरात मी बोललो होतो," म्हणाले, "पण जरा आडूनच बोललो." मग त्यांनीच पाकिटावर पत्ता लिहिला.

१९ नोव्हेंबर

उत्तर आलं. भुंग्याचा अर्ज या वर्षी बाद. माझी शिफारस तीन वर्षं बाद. पण येत्या एप्रिलमध्ये मुलगी नव्याने अर्ज करू शकते, वयात बसते. अट एवढीच, की शिफारस दुसऱ्या वर्गशिक्षकाची हवी आणि त्याने तिला निदान चार महिने शिकवलेलं हवं. निवड होईलच असं नाही, हेही लिहिलंय.

तळाशी हाताने लिहिलेली एक ओळ होती. 'रक्तात अंड्यासारखे काय असते, हे तिला कोणी सांगितले का?'

नाही. मी विरामचिन्हं बघत होते.

दोन तुकड्या, दोन वर्गशिक्षिका. बोटांवर महिने मोजले. भुंग्याला ब तुकडीत जावं लागेल, आणि आत्ताच.

शिक्षकखोलीत नव्या बाईपुढे पत्र ठेवलं. तिने सगळं वाचलं. जिंकल्यासारखी बघेल असं वाटलं होतं, तशी बघितली नाही. "त्या अंड्याचं मलाही नीट सांगता येणार नाही," ती म्हणाली. "तिच्याबरोबर शोधावं लागेल."

"माहीत नाही, असं वर्गात म्हणता तुम्ही?"

"रोजच म्हणते हो."

२१ नोव्हेंबर

भुंग्याच्या आईला बोलावून सगळं सांगितलं. तुकडीबदलाच्या अर्जावर तिची सही हवी होती. अर्ज मी लिहिला होता. कारणाच्या रकान्यात 'वर्गशिक्षिकेची चूक' असं लिहिलं होतं. ती तिथे थांबली.

"हे असं राहू द्यायचं, बाई?"

"राहू दे."

तिने सही केली. तिचं अक्षर अजून तसंच आहे, गोल आणि सरळ. मी शिकवलेलं.

२२ नोव्हेंबर

पहिल्या तासानंतर भुंग्याला दप्तर भरायला सांगितलं. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तुकडी बदलली म्हणजे मुलांच्या लेखी शिक्षाच. तिने पट्टी, पेन्सिल, वह्या एकेक करून भरल्या, मुद्दाम हळू. मी तिला दाराबाहेर घेऊन गेले. भिंतीपलीकडे ब तुकडीचा कालवा चालला होता.

"बाई, मी काय चुकले?" तिने विचारलं.

सव्वा महिन्याने तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी खाली बसले, गुडघे कुरकुरले, पण तिच्या तोंडासमोर तोंड आणायचं होतं.

"तू काही चुकली नाहीस," मी म्हटलं. "तुझं ते रक्ताचं पान बरोबर होतं. मी ते खोडलं, ते चूक होतं. मी चुकले."

माझी एवढी मोठी चूक झाली होती, आणि तिला माझी कीव आली असावी. तिने तिच्या छोट्या हाताने माझा खांदा थोपटला.

"मग दहा वेळा लिहा, बाई," ती म्हणाली, आणि दप्तर सावरत शेजारच्या वर्गात गेली.